जपानी इस्त्रीवाला काय म्हणाला

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मी एका जपानी इस्त्रीवाल्याच्या सांगण्यावरून घेतला. चारचौघांत हे सांगितलं की लोक हसतात, आणि मीही त्यांना हसू देते. इस्त्रीवाला सिनेमातला होता, बोलला होता जपानीत, आणि मला जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं बोलणं मराठीत करून सांगणारा माणूस माझ्या शेजारी वेताच्या खुर्चीवर बसला होता. ते माझे वडील, आमचे अप्पा.

तोच सिनेमा गेल्या महिन्यात मी दुसऱ्यांदा पाहिला. तेव्हा घरात एक घोंगडं भिजत पडलं होतं. माझी मुलगी वाळूजच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. तिथं जपानहून इंजिनिअर येतात, त्यांचं बोलणं ती आपल्या लोकांना सांगते आणि आपल्या लोकांचं त्यांना. तिला जपानमधल्या एका कारखान्यानं तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. ती मला म्हणाली, "आई, तू मनापासून जा म्हण, मग जाते. नाहीतर नाही म्हणून कळवते." तीन आठवडे मी 'बघू' म्हणत होते. आपल्यात 'बघू' म्हणजे काय, हे घरातल्या मांजरालाही कळतं.

मी कारणं पुष्कळ काढली. तिथली थंडी, तिथलं जेवण, भूकंप. खरं कारण एकच होतं. मला ती जवळ हवी होती. घरात आम्ही तिघंच, मी, ती आणि आता ऐंशीला टेकलेले अप्पा. ती गेली की कुकरला दोन शिट्ट्याही जास्त होणार, एवढंच घर उरणार होतं. सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं, आणि त्याच्या आदल्या रविवारी दुपारी ती तो सिनेमा घेऊन आमच्यासमोर बसली.

पण आधी अप्पांबद्दल सांगायला हवं.

अप्पा अजिंठ्याला गाइड होते. सकाळच्या एसटीनं फर्दापूर गाठायचं, दिवसभर लेण्या चढायच्या-उतरायच्या, संध्याकाळच्या एसटीनं घरी. इंग्रजी बोलणारे गाइड पैशाला पासरी, म्हणून त्यांनी जपानी शिकून घेतली. आधी एका फाटक्या पुस्तकावरून, मग जपानहून येणाऱ्या भाविकांशी बोलून बोलून. त्यांची जपानी लेण्यांतली होती. कमळ, भिक्खू, दिवा, रंग उडालेला आहे, पायरी सांभाळा, डोकं सांभाळा. त्या भाषेतली एक गोष्ट त्यांना फारच आवडायची. जपानी माणूस घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'जाऊन येतो' म्हणतो. "आपल्यावाणीच हाय बघ," ते आल्या-गेल्याला सांगायचे, जणू हा शोध त्यांनीच लावला होता.

भाषांतराबाबत त्यांचं एक तत्त्व होतं. दोन्ही बाजूंचा मान राहिला पाहिजे. फर्दापूरच्या एका दगडवाल्याची गोष्ट ते नेहमी सांगत. एका जपानी म्हाताऱ्यानं त्याच्या दुकानातले गारगोटीचे चकाकते दगड अर्धा तास हाताळले आणि एकही घेतला नाही. दगडवाला भडकला. "घ्यायचं नव्हतं तर दुपार कशाला खाल्ली माझी?" म्हाताऱ्यानं अप्पांना विचारलं, काय म्हणतात हे? अप्पा म्हणाले, "ऊन फार आहे, तब्येतीला जपा म्हणतात." म्हातारा गहिवरला, कमरेत वाकून त्यानं नमस्कार केला. दगडवाला ओशाळला आणि त्यानं एक दगड त्याच्या हातात तसाच ठेवला. "सांग आता, माझं कुठं चुकलं?" अप्पा विचारायचे. मला तेव्हा या गोष्टीचं हसू यायचं. तिच्यात काही धोका आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

जपानहून एक निवृत्त शिक्षिका दोनदा येऊन गेल्या होत्या. आमच्या घरी भाकरी आणि ठेचा खाऊन डोळे पुसत हसल्या होत्या. त्यांनी एकदा अप्पांना पार्सल पाठवलं. त्यात समुद्री शेवाळाचे काळे पातळ कागद होते, जे शेजारच्या काकूंनी टायपिंगचा कार्बन समजून आपल्या मुलासाठी मागून नेले. आणि एक व्हिडिओ कॅसेट होती. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, आमच्या गावाकडची माणसं तुम्हाला बघायला मिळावीत म्हणून पाठवते आहे.

गुलमंडीजवळच्या एका दुकानातून अप्पांनी एक दिवसासाठी व्हीसीआर भाड्यानं आणला. कॅसेट लावली तर चित्र काळं-पांढरं, आणि मधूनमधून खालून वर सरकणारं. अप्पांनी मशीन परत नेलं. दुकानदार म्हणाला, "चचा, मशीन एकदम अच्छी है. पिक्चरच बिनरंग की है." आम्ही मान्य केलं. सिनेमा जुन्या काळातला असणार, असं धरून चाललो. तिकडच्या कॅसेटींची पद्धत वेगळी असते आणि आपल्या मशीनवर त्यांचा रंग उतरत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. अप्पांनी पुढं त्या सिनेमातल्या गावाला भेट द्यायची इच्छा सांगताना 'ते करडं गाव' असंच म्हटलं.

सिनेमात समुद्राकाठचं एक लहान गाव होतं. तिथं एका विधुराचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान. त्याला एक मुलगा, शहरात कोट घालून नोकरी करणारा, आणि एक मुलगी, दुकानात हातभार लावणारी. गावाजवळ मोठा कारखाना आला आहे. किमोनो धुवायला येणं थांबलं आहे आणि कामगारांचे निळे डगले येऊ लागले आहेत. गावच्या देवाची पालखी उचलायला तरणी पोरं उरलेली नाहीत, म्हणून कारखाना आपली माणसं पाठवतो. ती माणसं पालखी उचलतात खरी, पण हाताला हातमोजे घालून, शिट्टीच्या तालावर.

शेजारच्या काकू मटार सोलत हे बघायला बसल्या होत्या. त्यांचे यजमान वाळूजला शिफ्टमध्ये होते आणि धाकटा दीर नुकताच बजाजनगरात खोली घेऊन राहिला होता. "आवो, ह्यांच्यात बी चपला बाहेर काढतात व्हय?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं मेलेल्या आईच्या फोटोपुढं मुलीनं भाताची वाटी ठेवली, तेव्हा काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पालखी आली तेव्हा त्या रडल्याच. "आमच्या गावाकडं बी असंच झालंया, भाऊजी. खांदेकरी सगळे कंपनीत." तोवर माझ्या मनात जपान म्हणजे घड्याळं आणि रेडिओ करणारा देश. तिथंही कुणाचं तरी गाव मागं पडलेलं असेल, बदलताना तिथल्या माणसालाही आपण कोण हे चाचपडावं लागत असेल, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला हे कुठल्या पुस्तकानं सांगितलं नसतं. अर्थात त्यात अप्पांचाही वाटा होताच, कारण त्यांच्या तोंडून सगळं जपान मराठवाडी बोलत होतं. कोटातला मुलगा बापाला "काय करायलाव बाबा?" म्हणायचा आणि बाप त्याला "तुझी वाट बघायलोय" म्हणायचा.

त्या दिवसांत आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात मी आणि अप्पा. मला पुण्यात नोकरीचं पत्र आलं होतं आणि मी ते कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवून दिलं होतं. अप्पांना सांगितलं, "काम झालं नाही." ते एसटीतून थकून येणार, कुलूप काढणार, दिवा लावणार आणि एकटेच ताट वाढून घेणार, हे चित्र मला सोसत नव्हतं. आपण जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवल्यापासून रोज अप्पांवर कारण नसताना चिडत होते.

सिनेमाच्या शेवटी मुलगी शहरात नोकरीला निघते. स्टेशनवर बाप तिच्या हातात इस्त्री केलेल्या कपड्यांचं गाठोडं देतो आणि तिच्याकडं न बघता, रुळांकडं बघत, दोन वाक्यं बोलतो.

अप्पा जरा थांबले. मला वाटलं शब्द अडला असेल. तसं व्हायचं, लेण्यांतली जपानी स्टेशनावर अपुरी पडायची. मग ते नेहमीच्या गाइडच्या आवाजात म्हणाले, "जा, म्हणायलाय. घराची काळजी करू नको, मी मजेत राहतो, म्हणायलाय."

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती वाकली आणि काहीतरी बोलली. "जाऊन येते म्हणाली," अप्पांनी सांगितलं. गाडी सुटली. बाप दुकानात आला आणि एकाच सदऱ्याची कॉलर पुन्हा पुन्हा इस्त्री करत राहिला. "कामाला लागला बघ," अप्पा म्हणाले. "मजेत हाय."

काकू मटाराची पाटी घेऊन गेल्या, अप्पांनी मशीनच्या वायरी गुंडाळल्या, आणि मी कपाटातून पत्र काढून त्यांच्यासमोर धरलं. "अप्पा, काम झालंय. मी खोटं बोलले होते. जाऊ का?"

त्यांनी पत्राकडं बघितलंसुद्धा नाही. "त्या पोरीनं काय केलं? गेली ना? मग जा की."

आठवड्यानं मी पुण्याला गेले.

मला त्या वेळी थोडा रागही आला होता. माझ्या बापानं स्वतःच्या तोंडानं जा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तो राग पुण्यात फार टिकला नाही. पगार हातात आला, मैत्रिणी मिळाल्या, मी माझी झाले. कधी रात्री घरची आठवण आली की मला तो इस्त्रीवाला आठवायचा, मजेत कॉलर इस्त्री करणारा, आणि मला झोप लागायची. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, लग्न टिकलं नाही. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मी परत या शहरात आले आणि एका शाळेच्या ग्रंथालयात लागले. अप्पांनी काही विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नातीला शेजारी बसवून शिकवलं, शाळेत जाताना जपानीत 'जाऊन येते' कसं म्हणायचं. ती ते रोज दारातून ओरडायची आणि अप्पा आतून त्याचं उत्तर द्यायचे. एवढ्याशा पेरलेल्याचं पुढं एवढं झाड होईल हे कुणाला ठाऊक होतं?

आता काळ पालटला आहे. माझ्या शाळेतल्या नववीच्या मुली मधल्या सुट्टीत कोरियन मालिकांबद्दल बोलतात, कोरियन सुनेचं दुःख त्यांना तोंडपाठ असतं आणि त्या एकमेकींना कोरियनमध्ये ताई म्हणतात. शहराचं नाव बदललं, अप्पांचं जुनं गाइडचं ओळखपत्र आधीच्या नावाचंच राहिलं. सिनेमा बघायला मशीन भाड्यानं आणावं लागत नाही. खाली अक्षरं येतात, मधे कुणी माणूस लागत नाही.

ती कॅसेट मात्र आम्ही टाकली नव्हती. दिवाळीच्या आवराआवरीत ती मुलीच्या हाती लागली. फितीला बुरशी आली होती, पण वरचं जपानी नाव तिला वाचता आलं. तिनं ते शोधलं, चार दिवस कुणाकुणाला विचारलं, आणि त्या रविवारी दुपारी सिनेमा घरातल्या टीव्हीवर लावला. अप्पा त्याच वेताच्या खुर्चीवर बसले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना लांबची बारीक अक्षरं लागत नाहीत, पण कानाला यंत्र लावलं की ऐकू सगळं येतं.

पहिलं चित्र आलं आणि मी उठून उभीच राहिले. गाव रंगीत होतं. समुद्र निळा, दुकानाचा पडदा तांबडा, आणि त्या मुलीचा कोट हळदीसारखा पिवळा. इतकी वर्षं मी तिला करड्या कोटात आठवत होते. "अप्पा, रंगीत आहे!" मी म्हटलं. अप्पा खुर्चीतून टीव्हीकडं पुढं वाकले. "त्या गुलमंडीवाल्यानं आपल्याला येडं बनवलं की," ते म्हणाले आणि खूश झाले.

खाली इंग्रजी अक्षरं येत होती. तरी अप्पा सवयीनं सुरू झाले, कुणी सांगितलं नसताना. "दुकान उघडायलाय बघ." मुलगी आणि मी एकमेकींकडं बघून हसू दाबत होतो, कारण आता आम्हाला दोन्ही कळत होतं. कोटातला मुलगा बापाला म्हणत होता, हे दुकान विकून टाका, लाज वाटते. अप्पा सांगत होते, "आता दमलाव बाबा, आराम करा म्हणायलाय." इस्त्रीवाल्याची शेजारीण म्हणत होती, ही मुलगी आता कुणाच्या गळ्यात बांधणार? अप्पांच्या मराठीत ती म्हणत होती, "पोरगी गुणाची हाय." दगडवाल्याची गोष्ट मला आठवली. अख्ख्या गावाचा मान त्यांनी राखला होता.

स्टेशन आलं. पिवळ्या कोटातली मुलगी, गाठोडं, रूळ. बाप बोलला आणि खाली अक्षरं उमटली. इंग्रजी साधंच होतं. जाऊ नकोस. मला एकट्यानं जेवता येत नाही.

मी ते वाचलं. आणि शेजारून, तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी होता त्याच आवाजात, फक्त आता जरा कापऱ्या, ऐकू आलं, "जा, म्हणायलाय. घराची काळजी करू नको, मी मजेत राहतो, म्हणायलाय."

माझ्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी अप्पांकडं पाहिलं नाही. पडद्यावर ती पोरगी रडत होती, आणि ते रडणं मी इतकी वर्षं कृतज्ञतेचं समजत आले होते. ती वाकली, बोलली. खाली एकच शब्द आला, बाय. "जाऊन येते म्हणाली," अप्पा म्हणाले. तेव्हा माझी मुलगी हळूच बोलली, "हे मात्र अप्पांनी बरोबर सांगितलं. इंग्रजीवाल्यानं खाल्लं." बाप दुकानात आला, कॉलर इस्त्री करू लागला, आणि या वेळी मला स्पष्ट दिसलं की तो अजिबात मजेत नव्हता. ते पहिल्यांदाही दिसतच होतं. मी बघितलं नव्हतं.

मी चहा टाकायला आत गेले. अप्पा काठी टेकत मागून आले आणि ओट्यापाशी उभे राहिले. लहान मूल चोरी सापडल्यावर उभं राहतं, तसे.

"अप्पा, तो थांब म्हणत होता."

"व्हय."

"मग?"

"तुझं पत्र मला घावलं होतं. तुझ्या आईच्या साड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवायला गेलतो." ते ओट्याला टेकले. "त्याची पोरगी सिनेमातली. माझी माझ्या शेजारी बसलेली. मी कुणाकडनं बोलू?"

"तुम्ही स्वतः बोलायचं ना."

"स्वतः बोलाया गेलो असतो तर त्याच्यासारखंच बोललो असतो," अप्पा म्हणाले. "म्हणून त्याच्या तोंडून सांगितलं."

मी गॅसकडं बघत विचारलं, "आणि जेवणाचं?"

"लई दिवस लागले," ते म्हणाले. "पहिला महिना तर मी ताटच घेत नव्हतो, पातेल्यातच खायचो उभ्यानं. ताट घेतलं की समोरचं रिकामं दिसायचं. मग झाली सवय. माणसाला होते सवय."

मला रडू आलं. अप्पांना मिठी मारायची आमच्यात पद्धत नाही. मी त्यांच्या चहात साखर जास्त घातली, डॉक्टरांनी बंद केलेली, आणि कप त्यांच्या हातात दिला. एका घोटात त्यांना ते कळलं असणार. कप रिकामा करून त्यांनी तो स्वतःच विसळला.

तेवढ्यात मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिनं किती ऐकलं होतं, देव जाणे. "आई, मी उद्या काय कळवू?"

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. या वेळी मधे सांगायला कुणी नव्हतं. मला त्या क्षणी काय काय म्हणायचं होतं, ते सगळं मला नीट माहीत होतं. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हटलं, "जा. घराची काळजी करू नको. आम्ही मजेत राहू."

ती माझ्या डोळ्यांकडं बघत होती. मग तिची नजर जराशी खाली आली, माझ्या हनुवटीखाली, पडद्यावर अक्षरं येतात तिथं, आणि थोडा वेळ तिथंच राहिली.

"खालची ओळ वाचली मी, आई," ती म्हणाली. "जाऊन येते."